आजोबांच्या कॅसेटी आणि पहिली शेल स्क्रिप्ट

लष्कर भागातल्या घरात झालेल्या संगीताच्या बैठकींच्या कॅसेटी तुम्ही संगणकावर उतरवल्यात, खरं कष्टाचं काम तिथेच झालं. आता त्या साठ-सत्तर वेव्ह फाइली एकेक करून दुसऱ्या प्रकारात बदलत बसू नका. फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर फिरणारा एक फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना) आणि त्याच्या आत एफएफएमपेगची, म्हणजे ध्वनिफाइलींचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रामची, एक कमांड, एवढीच शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, लागते.

सुरुवातीला हे सांभाळा:

- मूळ फाइलींना हात लावायचा नाही. नव्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये काढा.
- लूपमध्ये फाइलचं नाव धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं द्याच. 'यमन विलंबित' या नावातल्या मोकळ्या जागेमुळे शेल, म्हणजे या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, त्याची दोन नावं करतं आणि 'अशी फाइल नाही' म्हणून अडतं. सगळेच नवशिके इथे अडखळतात, मीही अडखळलो होतो.
- आधी कमांडच्या सुरुवातीला एको (मजकूर नुसता पडद्यावर दाखवणारी आज्ञा) लावून ती नुसती छापून पाहा. मग दोनच फाइली करा आणि शेवटपर्यंत ऐका.

जतनासाठी फ्लॅक हा फाइलप्रकार घ्या. सीडी दर्जाची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खाते. फ्लॅकमध्ये जागा बरीच वाचते आणि आवाजातलं काहीही जात नाही. नातेवाइकांना फोनवर पाठवायला एमपीथ्री ठीक, पण ती नेहमी वेव्ह किंवा फ्लॅकवरूनच बनवा. एमपीथ्रीची फ्लॅक केली तरी गेलेला आवाज परत येत नाही.

खरखर काढणं नंतर बघू. आज दोन फाइली करा. अडलात तर एररचा मजकूर जसाच्या तसा पाठवा.