‘दुसरा मार्गच नव्हता’ हे तुझं वाक्य

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईघाईत, कारण अक्षर पाहूनच काळजी वाटली; दुसऱ्यांदा सावकाश. चौथ्या ओळीत तू लिहिलंयस, ‘ताई, मला दुसरा मार्गच नव्हता. मी चित्रंच काढणार हे लहानपणापासून ठरलेलं होतं.’ आणि शेवटी, जाता जाता सांगावं तसं, की गेले सात महिने स्वतःसाठी एकही चित्र काढलेलं नाही, कामं मिळेल त्या पैशांत घेतेस, हल्ली उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, आणि एका गोदामात मालाचा हिशेब ठेवायची, आठवड्याला चार दिवसांची नोकरी चालून आली आहे. ती घेतली तर हरल्यासारखं होईल का, असं विचारलं आहेस.

नोकरीचं नंतर बोलू. आधी त्या चौथ्या ओळीबद्दल, कारण तेच वाक्य मी वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत उराशी बाळगून होते.

ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. वर्गात कान शिकवण्याकडे आणि हात मात्र वहीच्या समासात, पान उलटलं की समासभर चेहरे, हे ज्यांच्या बाबतीत घडलंय त्यांना ती ओढ काय असते ते माहीत असतं. तिला कुणी पोरकटपणा म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. पण तुझ्या त्या ओळीत दोन वाक्यं एकमेकांना चिकटून बसली आहेत. एक, चित्रं काढल्याशिवाय मला राहवत नाही. दुसरं, चित्रं काढूनच माझं पोट भरलं पाहिजे. पहिलं तुझ्या स्वभावाविषयी आहे आणि ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. दुसरं बाजाराविषयी आहे. बाजाराविषयी दहा वर्षांच्या मुलीला काय कळणार? तरीही तिनं शपथ घेऊन टाकली आणि आज तू ती निमूटपणे पाळते आहेस.

जेम्स मार्सिया नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1966 साली तरुणांना आपली ओळख कशी सापडते याविषयी एक मांडणी केली. आजूबाजूला काहीही न चाचपता निर्णय पक्का करून टाकणाऱ्यांच्या अवस्थेला त्यानं ‘फोरक्लोजर’ म्हटलं. आईवडिलांनी आखून दिलेली वाट मुकाट्यानं धरणारी मुलं हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. मला मात्र वाटतं, कौतुकानंही अगदी हेच होतं. सक्तीविरुद्ध मूल कधीतरी बंड करतं. कौतुकाविरुद्ध कोण करणार? ‘ही आमची चित्रकार’ असं घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं, तेव्हा बाकीची दारं कुणी लावून घेत नाही, आपणच तिकडे बघायचं सोडून देतो. तुझ्या पत्रात तू लिहिलंयस की तुला गणित चांगलं जमायचं, पण ‘त्याचा काही उपयोग नव्हता’. ते वाचून मला वाईट वाटलं.

या वाक्याची किंमत मी कशी मोजली तेही सांगते. माझं पहिलं मोठं काम होतं 24 चित्रांचं एक पुस्तक. रफ मंजूर झाली, फायनल करायला घेतली आणि मग करेक्शन सुरू झाली. सहाव्या खेपेला मी एवढंच विचारलं की ठरलेल्या पैशांपैकी निम्मे तरी आता मिळतील का. उत्तर आलं, ‘तुम्ही तर हे आवडीनंच करता ना?’ मी गप्प बसले. त्या माणसाचा मला राग नाही आला, स्वतःचीच लाज वाटली, जणू पैसे मागून मी आवडीला बट्टा लावला होता. उरलेले पैसे कधीच मिळाले नाहीत, आणि त्याच माणसाचं पुढचं काम मी घेतलं. ज्याला दुसरा मार्ग नाही त्याला नाही म्हणता येत नाही, आणि समोरच्याला ते आपल्या आवाजावरून कळतं. तू आज ‘मिळेल त्या पैशांत’ काम घेतेस त्याचं मूळ तुझ्या कुवतीत शोधू नकोस, इथं शोध.

शिवाय हा बाजारच तसा आहे. शेर्विन रोझेन या अर्थतज्ज्ञानं 1981 साली दाखवून दिलं होतं की ज्या कामाच्या प्रती फारसा खर्च न वाढवता असंख्य लोकांपर्यंत पोचवता येतात, तिथं गुणवत्तेतल्या लहानशा फरकानं मिळकतीत प्रचंड फरक पडतो. वरच्या काही जणांकडे जवळपास सगळं जातं. तेव्हा महिन्याच्या मिळकतीवरून आपल्या हाताची परीक्षा करणं सोडून दे. त्या आकड्यातून तेवढं कळत नाही.

आता तुझ्या अंगठ्याबद्दल, कारण माझं ते वाक्य माझ्या अंगठ्यानंच मोडलं.

चौतिसाव्या वर्षी मला ब्रश धरता येईनासा झाला. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मूठ करंगळीच्या दिशेनं खाली वाकवली. कळ इतकी जोराची होती की मी दुसऱ्या हातानं टेबल घट्ट धरलं. अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायूबंधांचं आवरण मनगटापाशी सुजतं. ‘डी केर्व्हेन’ म्हणतात त्याला. अंगठ्याला आधाराची पट्टी बांधली आणि चित्रं बंद. बरं व्हायला माझ्या बाबतीत बरेच महिने गेले, कारण दुखायला लागल्यावरही वर्षभर मी तशीच काम रेटत राहिले होते.

पहिले पंधरा दिवस मी भिंतीकडे बघत बसून काढले. दुःखापेक्षा भीतीच मोठी होती. चित्रं वजा केली तर खाली काय उरतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मग एका मैत्रिणीनं मला छापखान्यात नेलं. तिथं प्रुफं तपासायला दोन माणसं लागायची. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवून चुका काढायच्या. वाचणाऱ्याला हाताचं काम नसतं, म्हणून ते मला दिलं. सगळं वाचायचं, विरामचिन्हांसकट. ‘तो म्हणाला स्वल्पविराम दुहेरी अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम दुहेरी अवतरण बंद.’ समोर बसायच्या त्या बाई मान वर न करता बोट उचलायच्या, मी थांबायचे, त्या खूण करायच्या, बोट खाली आलं की मी पुढं वाचायला लागायचे. दिवसभर हेच. आठवड्याभरात त्यांचं बोट उचललं जायच्या आधीच मला त्यांच्या श्वासावरून चूक कळायला लागली.

मला ते काम आवडलं. आणि आवडलं याचा मला भयंकर राग आला. एका संध्याकाळी घरी येताना लक्षात आलं की आज सबंध दिवसात एकदाही चित्रांची आठवण झाली नाही, आणि मी वाटेतच थांबून रडले. बेइमानी केल्यासारखं वाटलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या दिवसापासूनच मला मोकळा श्वास घेता यायला लागला. मी दुसरं काहीतरी करू शकत होते, बऱ्यापैकी करू शकत होते, आणि तरीही मीच होते. हात बरा झाल्यावर मी चित्रांकडे परत आले. पण तेव्हा आले ती निवडून. पुढच्याच कामाला करेक्शन किती करून मिळतील हे मी आधी लिहून घेतलं, आणि समोरचा आढेवेढे घ्यायला लागला तेव्हा काम सोडून दिलं. आवाज जरासुद्धा कापला नाही.

डॉ. श्रीराम लागूंची गोष्ट सगळे सांगतात. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, 1969 साली, बेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. ही गोष्ट बहुतेक वेळा ‘कला शेवटी माणसाला ओढून नेतेच’ हे सांगण्यासाठी वापरली जाते. मला तिच्यातली आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या वर्षांत ते शस्त्रक्रियाही करत होते आणि हौशी रंगभूमीवर नाटकंही. 1969 साली त्यांच्यापुढं दोन दारं उघडी होती, आणि त्यांनी एकातून जायचं ठरवलं. ‘दुसरा मार्ग नव्हता’ असं म्हणायची त्यांना सोयच नव्हती.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुला नोकरी गोड करून विकते आहे असं होईल. लेखक फ्रान्झ काफ्का 1908 ते 1922 प्रागमध्ये कामगारांच्या अपघातविमा संस्थेत नोकरीला होता. दुपारी दोनच्या सुमाराला सुटायचा. 1912 च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री दहाला बसला आणि सकाळी सहाला एक अख्खी कथा संपवून उठला. पण नोकरी लिखाणाचा वेळ खाते ही तक्रार त्यानं शेवटपर्यंत केली, आणि ती खरीच होती. थकवा येतोच. कधी कधी आठवडाभर पेन्सिलीला हात लागत नाही. हे तुझंही होईल.

मग सात महिने स्वतःचं चित्र का निघालं नाही? आटलंय सगळं, असं तू लिहितेस. मला तसं वाटत नाही. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रांची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं, काहींना दिलंच नाही. नंतर काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण आपणहून चित्र काढतं ते पाहिलं. बोलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ त्यात रमली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. लहान मुलांवरून मोठ्यांविषयी सगळंच ठरवता येत नाही, पण हे वाचलं तेव्हा मला माझीच ती वर्षं दिसली. तुझी प्रत्येक रेघ हल्ली कुठल्या ना कुठल्या बोलीवर उमटते. रिकाम्या पानापुढं बसलीस की भाड्याचा विचार येतो. पानानं तरी काय करावं?

म्हणून ती गोदामातली नोकरी घे, असं मी स्पष्ट सांगते. सुटायची वेळ पक्की आहे ना, आणि दिवसभर जड उचलायचं किंवा टंकत बसायचं नाही ना, एवढं आधी विचारून घे. हातात आहेत ती दोन कामं नीट पुरी करून दे. तिसरं येईल तेव्हा तुझा खरा दर सांग आणि पुढं एक शब्दही बोलू नकोस, समोरच्याला बोलू दे. उरलेले तीन दिवस कामांनी गच्च भरू नकोस. आणि एक विनंती, हिशेबाचं काम ‘चित्रांना पोषक’ आहे असं स्वतःला पटवत बसू नकोस. नसेल पोषक. आकडे जुळले की तुला बरं वाटायचं, हे तूच लिहिलंयस. तेवढं पुरे आहे.

कदाचित वर्षभरानं तुला वाटेल की चित्रं पोटासाठी काढायचीच नाहीत. तसं झालं तर मला कळवायला संकोचू नकोस. माझी तू त्या दिवशीही तितकीच लाडकी असशील. तुझी चित्रं मला आवडतात, पण माझा जीव तुझ्यात आहे.

पहिला पगार झाला की लिही. चित्रांचं मी विचारणार नाही. तिथं शेजारी कोण बसतं, दुपारी काय गप्पा होतात, कुठली नोंद जुळता जुळत नव्हती, ते सांग. आणि अंगठा याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव. पट्टी बांधायला सांगितली तर कंटाळा करू नकोस, रात्रीही काढू नकोस.

तुझी,
ताई