वाड्यातलं सामान फ्लॅटमध्ये नेताना

ताई, तुमच्या प्रश्नाचा सारांश असा धरते: सासरचं साताऱ्याकडचं घर पाडायला काढलंय. तिथला पेटारा, झोपाळा, घंगाळ, रविवर्म्याच्या दोन तसबिरी आणि भलंमोठं सागवानी कपाट पुण्याच्या टूबीएचकेत आणायचंय. तिथे करडा एल सोफा आणि पांढऱ्या टाइल्स आधीच आहेत, आणि घराचं म्युझियम होईल याची तुम्हाला धास्ती आहे.

केळकर संग्रहालयात समया आणि अडकित्ते काचेआड शोभतात, कारण तिथे त्यांना दुसरं काम नाही. घरात जुनी वस्तू नुसती शोभेला उभी केली की तेच होतं. तिला रोजचं काम द्या, ती सोफ्याशी जुळवून घेते. 'अँटिक कॉर्नर' मात्र करू नका. सगळं एका कोपऱ्यात कोंबलं की भंगारवाल्याच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटतं.

सुरुवात कपाटापासून, कारण ते आलं तर बाकीच्या जागा ठरतात. आधी टेप घेऊन लिफ्टचं दार, आतली उंची आणि जिन्याची वळणं मोजा. जुनी कपाटं बहुधा खाचेत खाच बसवून, पाचरी मारून केलेली असतात. जाणता सुतार फळ्यांवर खडूने खुणा करून ती सुटी करतो आणि वर पुन्हा उभी करतो. मध्यंतरी कुणी खिळे ठोकून डागडुजी केली असेल तर सोडवताना लाकूड फाटायची भीती असते, तेव्हा तो माणूस अनुभवीच हवा. कपाटाला एक अख्खी भिंत मोकळी द्या, शेजारी काही टांगू नका. आत ताटल्या ठेवा, पुस्तकं ठेवा, वायफायचा राउटर ठेवा.

पेटाऱ्याचं सेंटर टेबल करायचं तुमच्या मनात आहे. मी करणार नाही. सोफ्याची बैठक साधारण सोळा-सतरा इंच उंच असते, आणि टेबल तेवढंच किंवा थोडं खालीच बरं. पेटारा अनेकदा दोन फुटांच्या आसपास भरतो. शिवाय झाकण वरून उघडतं, म्हणजे दर वेळी रिमोट, पेपर, चहाचे कप उचला. तो पलंगाच्या पायथ्याशी ठेवा आणि आत रजया घाला. जुनं दार आडवं टाकून वर काच बसवलेली जेवणाची टेबलं हल्ली जिकडेतिकडे दिसतात, त्यांचंही मला कौतुक नाही. काचेखालच्या नक्षीत पोळीचा भुगा जातो आणि तो काढता काढता जीव जातो.

लाकडाची कोणतीही वस्तू उचलण्याआधी कीड बघा. बारीक गोल भोकं दिसली म्हणून घाबरू नका, ती जुनीही असू शकतात. खाली काळा कागद पसरून काही आठवडे ठेवा. त्यावर पिठासारखा भुसा पडत राहिला तर किडा आत जिवंत आहे. मग भोकांत सुईने कीटकनाशक भरून घ्या आणि पुन्हा भुसा पडत नाही ना ते बघूनच घरात घ्या, नाहीतर तो तुमच्या नव्या फर्निचरकडे वळेल. पॉलिशवाला लगेच 'पीयू मारू या' म्हणेल, म्हणजे पॉलियुरेथेनचं आधुनिक पॉलिश. थांबा. आतल्या बाजूला स्पिरिटचा कापूस घासून पाहा. चिकट होऊन रंग सुटला तर ते लाखेचं पॉलिश आहे. त्यावर लाखेचाच हात फिरवता येतो, सगळं खरवडायची गरज नसते.

तसबिरी हा तुमच्याकडचा सगळ्यात नाजूक ऐवज. रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या चित्रांच्या नकला आजही छापल्या जातात, म्हणून भिंगाखाली बघा. ठिपके एकसारख्या जाळीत, फुलासारखे मांडलेले दिसले तर छपाई अलीकडची. जुन्या शिळाछापात ठिपके वेडेवाकडे, दाणेदार असतात. चित्रावर कुणी जर-टिकल्या लावल्या असतील तर त्या राहू द्या. चौकट जुनीच ठेवा, पण मागचा पुठ्ठा बदलून आम्लरहित घाला आणि काच चित्राला टेकू देऊ नका. बाथरूमच्या ओलीची आणि पश्चिमेच्या उन्हाची, या दोन्ही भिंती वर्ज्य.

घंगाळात झाड ठेवायचं तर कुंडीसकट ठेवा. ओल्या मातीने धातू हिरवा पडतो आणि तांबं मुळांनाही मानवत नाही. पितांबरीने आरसा करायचा मोह आवरा. मी काठ आणि कड्या तेवढ्या उजळते. करड्या सोफ्याशेजारी ते काळपट तपकिरी पोटच खुलून दिसतं.

झोपाळ्याचे हूक स्लॅबमध्ये बसवायचे की नाही हे इंटिरियरवाल्याने नव्हे, इमारतीचं स्ट्रक्चर कळणाऱ्या इंजिनिअरने सांगायचं. तो नाही म्हणाला तर लोखंडी चौकटीला टांगा. मागे-पुढे झोका जायला जागा नसेल तर फळीला पाय लावून दाराशी चपला घालायला बाक करा, पितळी कड्या जपून ठेवा.

खर्च कमी आणि फरक मोठा असं एकच काम सांगायचं तर दिवे. आपल्याकडे सर्रास 6500 केल्विनचे पांढरे दिवे असतात, त्यात जुनं सागवान मेलेलं दिसतं. 2700 ते 3000चे, पिवळसर उजेडाचे लावा.

नणंदेला समई न्यू जर्सीला न्यायची आहे म्हणालात. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 1972च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. समई तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तसा दाखला घेऊन मगच विमानतळ गाठा.

कपाटाची मापं आणि पाठीमागचा फोटो टाका. ते सुटं होईल का, याचा अंदाज पाठ पाहिल्यावरच येतो.