उचल आणि अग्रिम

लेकरा,

तुझी ऊसतोडीवरची बातमी वाचली. आकडे चोख, माणसंही बोलकी उतरलीत. एका वाक्याशी मात्र अडलो: 'मुकादमाने मजुरांना अग्रीम रक्कम दिली.' आधी 'रि' ऱ्हस्व कर, शब्द 'अग्र'वरून आलाय. ते किरकोळ. मुकादम देतो ती उचल. बीडकडचा कुठलाही कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, तिला उचलच म्हणतो. हंगामात फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते, हे त्या शब्दातच आलं. तिला 'अग्रिम' म्हणणं म्हणजे कर्जाला इस्त्री करून घालणं.

अग्रिम म्हणजे हिशेब व्हायच्या आधी दिलेली रक्कम. पुढे तिचं समायोजन होतं. कशातून होतं, तिथं खरी मेख. सरकारी नोकराचा सण अग्रिम पगारातून हप्त्याहप्त्यानं कापतात. पीकविम्याचा अग्रिम शेतकऱ्याला फेडायचा नव्हता. २०१६ च्या योजनेत नियम असा, की हंगामाच्या मध्येच पावसानं दडी मारली नि अपेक्षित उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या (मागच्या वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेल्या उत्पादनाच्या) निम्म्याखाली आलं, तर संभाव्य भरपाईचे २५ टक्के आधी द्यायचे, आणि अंतिम भरपाईतून तेवढे वजा करायचे. विमा रकमेचे २५ टक्के नव्हेत हं! इथं भलेभले घसरलेत.

मीही घसरलो, जरा वेगळ्या जागी. एका साली सोयाबीन माना टाकत होतं, तेव्हा मथळ्यात नुसतं 'अग्रिम जमा' देऊन मोकळा झालो. आठवड्यानं जिंतूरकडचे एक आजोबा घडी घातलेला पेपर घेऊन दारात उभे. जन्मभर ऊस तोडलेला माणूस. म्हणाले, "सायेब, ही उचल फेडायची कवा? व्याज किती लागंल?" खात्यातला एक रुपया त्यांनी काढला नव्हता. औषधाच्या दुकानात मात्र उधारी करून बसले होते.

२०२५ च्या खरिपापासून राज्यानं विम्यातला हा भाग काढला. आमच्या गल्लीत अजून कुठलाही पैसा यायचा म्हटलं की 'अग्रिम आला का?' विचारतात. म्हणून लिहिण्याआधी विचारत जा, पैसा कुणाचा आणि वळता कशातून होणार. उत्तर एका ओळीत बातमीत घाल. जागा नाही म्हणाले तर फोटो लहान करायला सांग.

तेवढी 'उचल' करून बातमी उद्या दुपारपर्यंत परत धाड. मथळ्याला हात लावू नकोस, तो झकास आहे.