दुखायचं थांबलं आणि हात उचलेना

ताई, तुमच्या मिस्टरांचं सगळं नीट वाचलं. ताप येऊन गेल्यावर आठ-दहा दिवसांनी मध्यरात्री उजव्या खवाट्यात (खांद्याच्या मागच्या बाजूला) कळ, बारा दिवस झोप नाही, मग दुखणं ओसरलं आणि आता शर्टाच्या बाहीत हात घालायला तुम्हाला मदत करावी लागते. पाठीचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, पंखासारखा बाहेर आलाय. सासूबाई म्हणतात कुलरचं वारं लागलं, एक डॉक्टर म्हणाले फ्रोजन शोल्डर, दुसऱ्यांनी एमआरआय पाहून मानेच्या ऑपरेशनचं सुचवलं. आज सोळावा दिवस. तुमचा प्रश्न एवढाच की, दुखणं गेलंय तर आता थांबून पाहायचं का?

थांबू नका. मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे, पण नेमकं हेच 2017 च्या मे महिन्यात मी भोगलंय. मलाही वाटलं उसण भरली. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं, मालिश केली, काही उपयोग नाही. रात्री डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरून गच्चीवर येरझारा घालायचो. बाराव्या-तेराव्या दिवशी कळ अचानक गेली. त्या आनंदात सकाळी तर्री पोहे खाऊन आलो आणि संध्याकाळी कुलरमध्ये पाणी टाकायला बादली उचलली, तर ती छातीच्या वर जाईचना. दुखत काहीच नव्हतं, हातात जोरच नव्हता.

दुखण्यापेक्षा ही कमजोरी महत्त्वाची, आणि आपण सगळे नेमकं उलटं समजतो. दुखणं थांबलं की बरं झालो असं धरून चालतो. पण आधी भयंकर कळ, मग कळ जाते आणि स्नायू लुळा पडतो, या क्रमाचा एक ओळखीचा आजार आहे: न्यूराल्जिक अमायोट्रॉफी. पार्सोनेज आणि टर्नर या दोन डॉक्टरांनी 1948 मध्ये 136 रुग्णांची माहिती एकत्र मांडली, म्हणून त्यांच्या नावानंही ओळखतात. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्याला सूज येते. ताप, लस, ऑपरेशन, बाळंतपण, अंगाबाहेरची मेहनत, यांतलं काहीतरी बऱ्याचदा आधी घडलेलं असतं. कुलरचं वारं त्यात बसत नाही, पण सासूबाईंशी वाद घालू नका, माझ्या आईनंही तेच म्हटलं होतं.

फरा का निघतो? बरगड्यांवरून येऊन फऱ्याच्या आतल्या कडेला चिकटणारा सेरेटस अँटिरियर नावाचा स्नायू आहे. तो फऱ्याला पाठीशी दाबून धरतो. त्याची एकच लांब नस मानेतल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मुळांपासून निघून छातीच्या बाजूनं खाली उतरते. ती बसली, म्हणजे कामातून गेली, की फरा सुटतो, आणि फरा सुटला की हात वर जायला आधारच उरत नाही. घरी एक करून बघा: त्यांना भिंतीकडे तोंड करून दोन्ही तळहात खांद्याच्या उंचीवर टेकवून भिंत ढकलायला सांगा. मागून बघताना उजवा फरा उठला तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना तो दाखवा, वर्णन करण्यात वेळ जात नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांचं गोल कडं करता येतं का तेही बघा. चपटं झालं तर कोपराखालची नसही सापडलीय.

फ्रोजन शोल्डर असेल तर दुसऱ्यानं हात फिरवला तरी सांधा अडतो. तुम्ही हलकेच त्यांचा हात वर न्या. तो पूर्ण जात असेल आणि फक्त त्यांना स्वतःला उचलता येत नसेल, तर सांधा मोकळा आहे. मला मात्र एका ठिकाणी महिनाभर दोरी-पुलीवर हात ओढायला लावला. सुटलेल्या फऱ्यावर जोर लावून आणखी ताण पडला, दुसरं काही झालं नाही.

एमआरआयबद्दल. सी5-सी6 ला बल्ज आहे, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी फुगलीय, म्हणून घाबरू नका. जपानमध्ये 1211 निरोगी माणसांच्या मानेचे एमआरआय केले होते, 2015 मध्ये त्याचं छापून आलं, आणि 87.6 टक्के जणांना बल्ज होताच. मान दुखत नसताना! मानेच्या गादीनं दुखत असेल तर बहुधा मान वळवली की हातात वीज गेल्यासारखं होतं, अंगठ्याकडे मुंग्या येतात. तसं नसेल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. नागपूरच्या धंतोलीत डॉक्टरांच्या पाट्यांना तोटा नाही, पण हाडांच्या नव्हे, नसांच्या डॉक्टरकडे जा. पैशाची अडचण असेल तर मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा मिहानचं एम्स आहेच.

आता माझी चूक, ती तुम्ही करू नका. मी सहाव्या दिवशीच धावत जाऊन एनसीव्ही (नसांतून विजेचा संदेश किती वेगानं जातो त्याची तपासणी) केली. रिपोर्ट नॉर्मल. मग एकानं टेन्शनचं आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. नस बसल्यावर स्नायूतले बदल सुईच्या तपासणीत दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. तुमचा सोळावा दिवस आहे, म्हणजे अजून आठवडाभरानं करा. आणि नुसती एनसीव्ही नको, ईएमजी, म्हणजे ही स्नायूतली सुईची तपासणी, करा. सेरेटसमध्ये सुई घालायला काही जण टाळतात, कारण खाली फुप्फुस असतं, म्हणून तपासणी लिहून घेतानाच विचारून ठेवा. तापाचा इतिहास सांगताना लिव्हरची तपासणी आणि हेपॅटायटिस ई बद्दलही विचारा. काही रुग्णांत या आजाराचा त्याच्याशी संबंध सापडला आहे, दोन्ही बाजू धरल्या असतील तर जास्तच.

स्टेरॉइडनं सुरुवातीचं दुखणं लवकर कमी होऊ शकतं, पण दुखणं गेल्यावर फारसा अर्थ नाही. शुगर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

एक गोष्ट आजच विचारा: आडवं झाल्यावर दम लागतो का? हीच सूज छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याच्या नसेपर्यंत जाऊ शकते. लागत असेल तर उद्याची वाट नको. तसंच खवाट्यातली कळ घाम, छातीत दाब यांच्यासह आली, पायही कमजोर पडले किंवा लघवीवर ताबा सुटला, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि थेट इमर्जन्सीत न्या. आणि त्रास वर्षानुवर्षं हळूहळू वाढत असेल, दोन्ही फरे बाहेर असतील, शीळ घालता येत नसेल, तर तो वेगळा, घराण्यातून येणारा आजार. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

किती दिवस? नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते आणि ही नस वीतभराहून लांब, म्हणजे गणित तुम्हीच करा. कुणाचं सहा महिन्यांत सुधारतं, कुणाला दोन वर्षं लागतात. तोपर्यंत जड उचलायचं नाही, दुचाकी काही दिवस बंद. फिजिओ फऱ्याला आधार देऊन हळू व्यायाम घेणारा हवा, 'सहन करा' म्हणणारा नको. अशक्त स्नायूला दमवलं की तो दुसऱ्या दिवशी आणखी मागे जातो.

माझं मोजमाप शाळेचा फळा होता. त्या वर्षी जूनअखेर शाळा उघडली तेव्हा खडू फळ्याच्या अर्ध्यापर्यंतच पोचायचा, पोरं म्हणायची, सर खालीच का लिहिता? दिवाळीनंतर दोन ओळी वर गेलो. पुढच्या पोळ्याच्या आसपास तारीख स्वतःच्या हातानं वरच्या कोपऱ्यात लिहिली. पेपरांचा गठ्ठा कपाटावर मात्र अजूनही डाव्या हातानंच ठेवतो.

भिंतीची टेस्ट करून बघा आणि ईएमजीचा रिपोर्ट आला की इथं लिहा.