करार दादांनी केला, मग पॅनेलखालचं पीक कुणाचं?

तुमचा मेसेज दोनदा वाचला. वडिलांच्या मागे 7/12 वर दादा, तुम्ही आणि बहीण अशी तिघांची नावं लागलीत, 6 एकर, वाटप झालेलं नाही, कसता तुम्ही एकटेच, आणि दादांनी परस्पर सोलर कंपनीला 25 वर्षांसाठी जमीन देऊन टाकली तीही 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून. कंपनीवाले म्हणतायत पॅनेल उंच लावतो, खाली खुशाल पीक घ्या.

आधी धसका काढून टाका. शेतजमिनीचा 25 वर्षांचा असा भाडेपट्टा रजिस्टर केल्याशिवाय उभाच राहत नाही, नोटरीच्या शिक्क्याने काही होत नाही. आणि दादा देऊन देऊन काय देणार, स्वतःचा अविभक्त हिस्सा, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 बघा. विहिरीकडचे 2 एकर दादांचे असं अजून कुणीच म्हणू शकत नाही, मग कंपनी कुंपण ठोकणार कुठे? बहिणीची सही तर कुणाला आठवतच नाही, नेहमीचंच आहे हे.

तेव्हा कंपनीला रजिस्टर पोस्टाने लेखी हरकत पाठवा, आणि फेरफाराची (7/12 वरची नोंद बदलण्याची) नोटीस आली तर 15 दिवसांत तलाठ्याकडे हरकत द्या. कंपनी शेतकरी नाही, त्यामुळे कुळकायद्याच्या कलम 63 चं (बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावरच्या बंदीचं) काय केलं तेही विचारा, परवानगी किंवा सूट असेल तर कागद मागा.

पण मला विचाराल तर करार मोडायला धावू नका, तिघांच्या सहीने नवा करा. दादांच्या कागदात वर्षाला एकरी 30 हजार आणि 25 वर्षं तेवढेच, सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये वर्षाला हेक्टरी 1 लाख 25 हजार आणि दरवर्षी 3 टक्के वाढ आहे, म्हणजे एकरी 50 हजार झाले की. तुमचा सौदा खासगी असला तरी हा आकडा समोर ठेवून बोला.

खरी मेख शेतीच्या कलमात आहे. "उंच" म्हणजे किती? पॅनेलची खालची कड जमिनीपासून किती फूट, दोन ओळींत अंतर किती, ट्रॅक्टर वळतो का, केबल किती खोल पुरणार (नांगराच्या फाळाला केबल लागली तर पहिलं बिल तुमच्याच नावावर येईल), सगळं आकड्यात लिहून घ्या. पावसाचं पाणी पॅनेलच्या कडेवरून एकाच रेषेत पडून माती कापतं, तो चर कोण बुजवणार? हळद, आलं थोडी सावली सोसतं, सोयाबीनला मात्र ऊन लागतं, त्यामुळे पीक कुठलं घ्यायचं ते ठरवायचा हक्क तुमच्याकडेच ठेवा. आणि हे एक वाक्य जसंच्या तसं टाकायला सांगा, "खाली घेतलेल्या पिकावर कंपनीचा कोणताही हक्क राहणार नाही."

मुदत संपल्यावर खांबांचं काँक्रीट कंपनीने उपसून न्यायचं, हेही विसरू नका.

या हंगामाची ई-पीक पाहणी (मोबाइल अ‍ॅपवरची पिकाची नोंद) मात्र आजच करून घ्या, उद्या कोण कसत होतं यावरून वाद झाला तर तीच नोंद उपयोगी पडेल.