सिनेमाची कल्पना आहे, ओळख नाही, चोरीची भीती वाटते. कोणाला आणि कशी सांगू?

तुम्ही लिहिलंय की कल्पना एकदम नवीन आहे, इंडस्ट्रीत कोणी ओळखीचं नाही आणि सांगितली तर ढापतील अशी भीती वाटते. मी ठाण्यात राहतो, तुर्भ्यात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात पटकथा. याच भीतीपायी मी दोन वर्षं घालवली. लोकांना फोन करून सांगायचो, "माझ्याकडे जबरदस्त विषय आहे, पण फोनवर सांगता येणार नाही." साहजिकच कोणी परत फोन केला नाही.

कायद्याचं आधी उरकतो. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रीतीने लिहून काढली त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा आर. जी. आनंद यांचा निकाल शोधून वाचा. त्या नाटककाराने आपलं नाटक दिग्दर्शकाला स्वतः ऐकवलं होतं, पुढे साधारण त्याच विषयावर सिनेमा आला, तरी तो हरला. विषय एक असला तरी मांडणी वेगळी, असं कोर्टाचं म्हणणं. मात्र २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वाहिनीविरुद्धच्या खटल्यात नीट विकसित केलेल्या, विश्वासाने सांगितलेल्या संकल्पनेला संरक्षण दिलं. म्हणजे काय, तर आधी लिहा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन लिखाणाची ऑनलाइन नोंदणी करा. त्याने मालकी सिद्ध होत नाही, पण अमुक तारखेला हे तुमच्याकडे होतं याचा पुरावा राहतो. भेट झाली की त्याच संध्याकाळी "आज ऐकवलेल्या कथेचा सारांश सोबत जोडत आहे" असा मेल टाका.

आणि "कथा लावून देतो, आधी एवढे भरा" म्हणणारा भेटला तर चहाचे पैसे देऊन उठा. मला भेटलाय, मी लगेच उठलो नाही. जाऊ दे.

आता खरी अडचण. माझी गोष्ट अशी: निवृत्तीला आठ दिवस राहिलेल्या मापाड्याला, म्हणजे बाजारात माल तोलणाऱ्याला, कळतं की गेले सहा महिने आपला काटा मारतोय, आणि तो मारायला लावणारा आपलाच मुलगा आहे. आज दोन ओळींत सांगतोय. अंधेरीतल्या पहिल्या नॅरेशनला, म्हणजे निर्मात्याला गोष्ट तोंडी ऐकवायच्या भेटीत, मात्र मी वाशीचा कांदा-बटाटा बाजार, मापाडी कोण, माथाडी कोण, १९६९ चा माथाडी कायदा असं सगळं सांगत बसलो. वीसेक मिनिटांनी निर्मात्याने कपावरची साय बोटाने बाजूला केली आणि विचारलं, "हे ठीक आहे. पण त्याला कळतं कधी?" मी पानं उलटू लागलो. पान ४१. तोपर्यंत त्यांनी फोन उचलला होता.

राग त्यांचाच आला, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन बायकोला तीच गोष्ट सांगायला घेतली तर तिनेही मध्येच विचारलं, "कुकर लावू का?"

मग मी गोष्ट गाडीत सांगायला लागलो. ठाणे-तुर्भे, रोजचा ग्रुप, सगळे हिशेबवाले आणि गोदामवाले, सिनेमाशी काडीचा संबंध नाही. ऐरोलीच्या आत बापाला काटा कळला पाहिजे, घणसोलीला मुलगा. कोपरखैरणे येईपर्यंत एकाने जरी मोबाइल काढला तरी त्या दिवशीचं व्हर्जन रद्द. एकदा बाजारातल्या एका म्हाताऱ्या मापाड्यालाही ऐकवली. तो शेवटपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "पोराचं कळलं. पण ज्यांचा माल कमी भरला त्यांचं काय केलंत?" माझ्या १०४ पानांत एकही शेतकरी नव्हता.

तेव्हा कोणाला सांगू याचं उत्तर: आधी अशा माणसांना, ज्यांना तुमची कल्पना चोरून काही करता येणार नाही. निर्माते नंतर. त्यांच्याकडे जाताना एक पान सारांश आणि पूर्ण पटकथा तयार हवी, कारण आवडलं तर "बाउंड स्क्रिप्ट पाठवा" म्हणतात, म्हणजे पूर्ण लिहून झालेली पटकथा, आणि तेव्हा "लिहितोय" म्हटलंत की संपलं.

माझं म्हणाल तर तीन ठिकाणी नकार मिळालाय, त्यातल्या दोघांनी तर नकारही कळवला नाही. चौथ्याने स्क्रिप्ट मागितली आहे. तो शेतकरी आता पान १२ वर येतो, त्यामुळे मध्यंतरानंतरचं सगळं पुन्हा लिहायला घेतलंय.