पाय रोवायला जागा आहे का?

वाचकांचे प्रश्न : बोट आणि दर्या

प्रश्न : दादा, नमस्कार. आम्ही न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहतो. गेल्या हिवाळ्यात ५.८ मीटरची ॲल्युमिनियमची ट्रेलरबोट सेकंडहँड घेतली. मागे एकच आउटबोर्ड इंजिन आहे. स्नॅपर, काहवाई भरपूर गरवून झाले, येत्या जानेवारीत रॅग्लन बंदरातून मार्लिन या भाल्यासारख्या चोचीच्या मोठ्या माशाला जायचं म्हणतोय. बोट नवरा चालवतो, दीर मदतीला असतो, रॉड मी धरते. माझं वजन ५४ किलो. या बोटीत लढायची खुर्ची (मोठा मासा बसून ओढायची, बोटीला पक्की बसवलेली खुर्ची) मावणार नाही, उभ्यानंच ओढावं लागेल, असं सगळे सांगतात. मला जमेल का? आणि बोटीवर आधी काय काय बसवून घेऊ?

उत्तर : ताई, जमेल. पण ‘काय बसवून घेऊ’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. मी इथे फांगारेईत बोटी सजवून देतो, आणि अशी बोट माझ्याकडे आली की पहिला अर्धा दिवस वस्तू बाहेर काढण्यात जातो.

माझे वडील विजयदुर्गच्या खाडीबाहेर होडीत उभ्यानं सुरमई ओढायचे. मला पहिल्यांदा बरोबर नेलं, तेव्हा तंगूस, म्हणजे गरवायची नायलॉनची दोरी, हातात देण्याआधी त्यांनी माझे पाय कुठे राहतील ते दाखवलं. उभ्यानं लढताना तुमची खुर्ची म्हणजे तुमचेच पाय. म्हणून मागच्या मोकळ्या जागेत जमिनीवर काहीही नको. बर्फाची पेटी पुढे केबिनमध्ये सरकवा, माशासाठी घडी होणारी इन्सुलेटेड पिशवी घ्या. जास्तीचं पेट्रोल, टॅकलचे डबे, नांगराची दोरी, सगळं हलवा. जमीन गुळगुळीत असेल तर पकड देणारं रबरी अस्तर चिकटवा. रक्त आणि पाणी एकत्र झालं की नुसतं ॲल्युमिनियम साबणासारखं सुटतं.

मग काठाला गुडघे टेकून उभ्या राहा आणि काठ पायाला कुठे लागतो ते बघा. मांडीच्या मध्यावर किंवा त्याहून वर लागला तर ठीक. गुडघ्याच्या जवळपास लागत असेल तर तिथून लढायचं नाही, आधी वरून रेलिंग वेल्ड करून घ्यायचं. हे मी अनुभवानं सांगतोय. बारा वर्षांपूर्वी एका मित्राच्या बोटीवर काठ माझ्या गुडघ्याच्या जेमतेम वर येत होता. हार्नेस, म्हणजे रॉडचा ताण अंगावर घेणारा पट्ट्यांचा साज, रीलला अडकवलेलं, मासा सरळ खाली गेला आणि त्याच क्षणी बाजूनं लाट आली. मी कमरेपर्यंत बाहेर गेलो. मित्रानं हार्नेसचा पट्टा धरला नसता तर रॉडसकट पाण्यात होतो. त्या दिवसापासून टेप घेतल्याशिवाय मी कोणाच्याही बोटीत काम सुरू करत नाही. काठाखाली पायाची बोटं घालायला चार इंचांची फट असेल तर फारच चांगलं. मासा ओढतो तेव्हा ती फटच तुम्हाला बोटीत ठेवते.

आता तुमच्या वजनाचं. उभ्यानं लढायची ही आखूड रॉडची पद्धत वाढली ती सॅन दिएगोहून मेक्सिकोच्या पाण्यात कुप्यासाठी, म्हणजे ट्यूनासाठी, जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बोटींवर. तिथे काठाला माणसं ओळीनं उभी राहून गरवतात, प्रत्येकाला खुर्ची कुठून देणार? रॉड जितकी लांब, तितकी तरफ माशाच्या बाजूची आणि ताण तुमच्या कमरेवर. म्हणून साडेपाच फुटांची रॉड घ्या, सात फुटांची नको. रील दोन गतींचं, लिव्हर ड्रॅगचं (ड्रॅग म्हणजे लाइन सुटताना लागणारा रीलचा ब्रेक, तो लिव्हरनं कमीजास्त होतो), ५० वाइड या मोठ्या मापाचं. मासा खोल जाऊन अडून बसला की खालची गती लागतेच.

हलक्या माणसाला १५ किलोची, म्हणजे तेवढ्या ताणाला तुटणारी, लाइन सुचवणारे पुष्कळ भेटतील. मी २४ किलोचीच सांगेन. बारीक लाइनवर लढाई तासन्‌तास चालते, मासा पार दमतो, आणि सोडला तरी जगेल याचा भरवसा राहत नाही. पट्टेरी मार्लिनचा जागतिक विक्रम आमच्या शेजारच्या तुतुकाका या गावचा आहे, १९८६ सालचा, २२४.१ किलोचा. तुमचा मासा बहुधा त्याच्या निम्म्याच्याही आत असेल, तरी तो दमेपर्यंत खेळवण्यासारखा नसतो. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या एकतृतीयांशापर्यंत, म्हणजे ८ किलोपर्यंत लावतात. तुम्ही ५ किलोवर सुरुवात करा, लय सापडली की वाढवा. अंदाजानं नाही, रॉड होल्डरमध्ये ठेवून, लाइनला हुकाचा वजनकाटा बांधून मोजा आणि लिव्हरशेजारी खूण करून ठेवा.

सगळ्यात जास्त पैसे हार्नेसवर घाला. पाठीवरचा पट्टा नको, बसकेखाली येणारं बकेट हार्नेस हवं, आणि रॉडचं बूड टेकवायची गिंबलची प्लेट पोटावर नाही तर मांड्यांवर खाली. घराच्या अंगणात लाइन झाडाला बांधा, ड्रॅग लावा, गुडघे वाकवा आणि मागे बसल्यासारखं वजन सोडा. पट्टे बरोबर असतील तर दोन्ही हात सोडले तरी रॉड जागच्या जागी उभी राहते. दंड भरून आले तर पट्टे चुकलेत. हे अंगणात दहा वेळा करा, लाइफ जॅकेट घालूनच. हार्नेसवर ते फुगायला जागा राहते का आणि क्लिप एका हातानं सुटते का, दोन्ही तिथेच कळतं.

रॉड उभी ठेवायच्या होल्डरबद्दल थोडक्यात. चार पुरेत, सुरुवातीला लाइन तीनच सोडा. ॲल्युमिनियमच्या बोटीला वेल्ड केलेले होल्डर उत्तम. बोल्टनं बसवायचे असतील तर खालून जाड पट्टी हवीच, आणि स्टेनलेस बोल्ट नि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये गंजरोधक पेस्ट. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं, आणि वरून काही दिसत नाही. प्रत्येक रॉडला बोटीची सुरक्षादोरी असू द्या, लढाईला हातात घेतली की सोडायची.

तुमच्या यजमानांना माझा एक निरोप सांगा. मासा लागला की रिव्हर्समध्ये त्याच्यामागे जाऊ नका. मोठ्या चार्टर बोटी तसं करतात, तुमच्या बोटीची मागची बाजू बुटकी आहे, दोन लाटांत घोटाभर पाणी आत येईल. ते पाणी एका बाजूला धावलं की बोट कलते, आणि तिघंही त्याच बाजूला उभे असणार. बोट हळूहळू पुढे चालती ठेवायची, लाइन बाजूनं, जराशी पुढच्या अंगाला राहील अशी. मासा खाली खिळला की थोडं लांब जाऊन कोन बदलायचा. अर्धी लढाई सुकाणूवरच्या माणसाची असते.

दिरांसाठी जाड हातमोजे. लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाचा हुकाजवळचा जाड तुकडा, हाताला गुंडाळायचा तर मासा उसळल्यावर तो आपसूक सुटेल असाच. ओढलेला लीडर पाण्यात सोडायचा, पायात गोळा करायचा नाही. तीक्ष्ण सुरी प्रत्येकाचा हात पोचेल अशा एकाच ठरलेल्या जागी. सोडायचा मासा बोटीत घ्यायचाच नाही, बाजूला धरून बोट चालती ठेवा, पाणी कल्ल्यांतून वाहू द्या.

राहिला रॅग्लनचा बार, म्हणजे बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा उथळ पट्टा. ओहोटीला तिथे लाटा उभ्या राहतात. जाताना आणि येतानाही कोस्टगार्डला व्हीएचएफ रेडिओवर कळवा, आणि परतायची वेळ भरती बघून ठरवा. मासा लागलाय म्हणून ती वेळ टाळायची नाही. नावावर नोंदवलेला ४०६ मेगाहर्ट्‌झचा बीकन, म्हणजे संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र, यजमानांच्या अंगावर असावा, केबिनच्या कप्प्यात नको.

प्रश्न : आमची मालवणात २२ फुटी फायबरची होडी आहे. मोठा कुपा गरवायला पर्यटक येतात. मध्यावर खुर्ची बसवली तर चालेल?

उत्तर : नको. अशा होडीचा फायबरचा तळ सहसा खुर्चीचा हिसका सोसायला बांधलेला नसतो. बोल्टाभोवती तडा जातो, आत पाणी झिरपतं. त्याऐवजी दोन चांगली हार्नेस घ्या, एक लहान चणीच्या माणसाला बसणारं. होडीत मध्ये आडव्या फळ्या आहेत का ते लिहिलेलं नाही. असतील तर पर्यटकाला तिथे उभं करू नका, मागच्या कोपऱ्यात करा, आणि त्याच्यामागे तुमचा एक खलाशी हार्नेसच्या पट्ट्याला हात लावून उभा राहू द्या. काठाची उंची मोजून मला कळवा, मग पुढचं सांगतो.